जोवर खांदा, तोवर तोंड

व्यायाम आणि खाणं यांचं खरं नातं अख्ख्या महाड तालुक्यात एकाच माणसाला कळलेलं आहे, आणि तो माणूस म्हणजे मी! हसू नका. डॉक्टर सांगतात, कमी खा. मासिकं सांगतात, मोजून खा. मोबाईल उघडला तर कुणीतरी किडकिडीत माणूस सांगतो, खाऊच नका, कोमट पाणी प्या. मी सांगतो, हवं ते खा, हवं तितकं खा, फक्त आधी घाम गाळा! घाम गाळलेल्या माणसाला ताटावर बसल्यावर कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही. हा सिद्धांत मी यंदाच्या शिमग्यापर्यंत येईल त्याला ऐकवत होतो. आता कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. का, ते सांगतो. पण कृपा करून पोलादपूरकडच्या कुणापाशी बोलू नका. त्यांना सगळं माहीत आहेच, उगाच उजळणी नको.

मी मुरारी. महाडच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. नोकरीच बसायची! गाड्या हलतात, प्रवासी हलतात, मी हलत नाही. पोलादपूर गाडी किती वाजता, रत्नागिरी गाडी लागली का, एवढ्यासाठी उठायची काय गरज? त्यामुळे माझं पोट हळूहळू पुढे सरकत खिडकीच्या फळीला टेकलं. मग एकदा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "साखर काठावर आहे."

मला वाटलं, काठावर म्हणजे बरंच की! आत पडलेली नाही! पण शेजारी माझी बायको मैना बसली होती. तिला तसं वाटलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या डब्यात दुधी आला. मग पडवळ आलं. मग घोसाळी, मग परत दुधी. बेसनाचा डबा कपाटात कुलपात गेला. मैनेच्या वडिलांच्या पायाचं बोट साखरेनं गेलं होतं, म्हणून ती घाबरली होती, हे मला कळत होतं हो. पण कळणं वेगळं आणि पडवळ वेगळं.

अशा वेळी माझा पुतण्या हर्षद मुंबईहून आला. तो तिकडे एका जिममध्ये लोकांकडून वजनं उचलून घेतो. मी त्याच्यापुढे माझं दुःख मांडलं, तर पठ्ठ्या म्हणतो कसा, "काका, टेन्शन नहीं लेनेका! जितना बर्न, उतना खाना! आमच्याकडे लोक सकाळी बर्न करतात आणि संध्याकाळी बिर्याणी हाणतात. बॉडीला काय फरक पडत नाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! दुसऱ्या दिवशी पहाटेच बूट घालून मी चवदार तळ्याकडे फेऱ्या मारायला निघालो. फेऱ्या झाल्या की मिसळ. मिसळीचा थकवा घालवायला चहा. चहाबरोबर खारी. महिनाभरानं मैनेनं मला काट्यावर उभं केलं, तर काटा आधीपेक्षा पुढे!

"हे काय?" मैना म्हणाली.

"स्नायू आलेत," मी म्हणालो.

"कुठं? पोटात?"

पण सिद्धांत चुकीचा नव्हता, व्यायाम कमी पडत होता, अशी माझी खात्री होती. मोठा व्यायाम पाहिजे होता! आणि तेवढ्यात शिमगा आला.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. तीसेक घरं, निम्म्या घरांना वर्षभर कुलूप, आणि शिमग्याला मात्र एकही कुलूप नाही. मुंबई, पुणे, सुरत, असतील तिथून माणसं येतात, कारण त्या दिवशी सोमजाईची पालखी घरोघरी जाते. आणि ज्या घरी जाते तिथे खांदेकऱ्यांना खाऊ घालतात! काही गावांत म्हणे खांदेकरी उपाशी असतात. त्या गावांबद्दल मला आदर आहे, पण आमची देवी प्रेमळ आहे.

गावी निघताना बॅग भरता भरता मैनेनं बजावलं, "यंदा एक पुरणपोळी. एक! आणि वडा दिसला की नजर खाली."

"अगं, शिमग्याला? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघून घेईन."

"आणि मी पालखीला खांदा दिला तर?"

मैना हसली. एवढी हसली की तिला बॅगेवर बसावं लागलं. "तुम्ही? अहो, आपल्या दुसऱ्या मजल्यावर येताना तुम्ही मध्ये थांबून पाणी पिता!"

"पण दिला तर?"

"दिलात तर खा! जोवर खांद्यावर दांडा, तोवर तोंड मोकळं. दांडा सोडलात की तोंड बंद. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. तिचा हिशेब असा की मी एका घरात ढेपाळणार. माझा हिशेब अख्ख्या वाडीचा होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच मला आज तोंड लपवावं लागतंय. वाडीच्या अगदी वरच्या टोकाला राहीवहिनीचं घर आहे. माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून पालखी तिच्या अंगणात यायची, पण देवीची ओटी खालच्या घरातली सुंदराबाई भरायची. आणि राहीवहिनी आपल्याच घरात खांबाआड उभी राहून हात जोडायची. ओटी दुसरीनं भरायची म्हणून खांदेकऱ्यांचा फराळही सुंदराबाईकडेच. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं, खरं सांगतो.

यंदा होळीआधीच्या गावकीच्या बैठकीत राहीवहिनी स्वतः उभी राहिली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझ्या दारात आईची ओटी मी भरणार. भात मी लावते, घर मी राखते, पोरीला एकटीनं शिकवली. मग ओटी तेवढी दुसरीनं का?"

पांडू उसळला. हा पांडू म्हणजे गावातला चालीरीतींचा रखवालदार. चहात साखर आधी की दूध आधी, याचीसुद्धा त्याच्याकडे चाल असते. "आपल्यात चाल नाय! आईला नाय चालायचं!"

मग मी उठलो. चौकशीच्या खिडकीतला माझा आवाज, माईकची गरजच नाही! "कोण म्हणतो आईला चालायचं नाही? आईनं येऊन तुला सांगितलं काय? काळ कुठे गेला, तुम्ही कुठे बसलात!" असं बरंच ठणकावलं. टाळ्यासुद्धा पडल्या. मैना माझ्याकडे अशी बघत होती की लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं असेल.

शेवटी गावकीचे प्रमुख कुशाबाकाका बोलले. म्हातारा माणूस, कमी बोलणारा. "यंदा राहीला भरू दे ओटी. पालखी तिच्या दारात नीट गेली, आईनं मानून घेतली, तर कायमची भरंल. नाय मानली, तर हा विषय परत गावकीत काढायचा नाय. पटतंय?"

राहीवहिनीनं मान हलवली. तिचं सगळं त्या एका दिवसावर आलं. जाताना ती मला म्हणाली, "भावजी, तुमी होतात म्हणून झालं." मी छाती फुगवून म्हणालो, "वहिनी, बिनघोर राहा. पालखीला मीच आहे पुढे."

खरंच होतो हो पुढे! तोच तर घोटाळा झाला.

पालखी उठली. पुढच्या दांड्याला मी आणि हर्षद, मागे दोघे मुंबईकर. खालूबाजाचे ढोल-सनई सुरू झाले, गुलाल उडाला, "सोमजाईच्या नावानं चांगभलं!" आणि पहिल्याच वळणावर माझ्या खांद्यानं मला विचारलं, हे काय चाललंय? दुसऱ्या वळणावर गुडघ्यांनी विचारलं. पहिलं घर कुशाबाकाकांचं. पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते. सोडावा दांडा, असं अगदी ओठांवर आलं. आणि तेवढ्यात आतून तळणीचा वास आला. वडे! तांदळाचे, फुगलेले, आणि बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ!

पालखी पाटावर टेकली. तिघा खांदेकऱ्यांनी दांडा सोडला आणि पडवीत जाऊन बसले. मी सोडला नाही! समोर बायकांच्या घोळक्यात मैना उभी होती आणि तिची नजर माझ्या खांद्यावर होती. दांडा सोडलात की तोंड बंद! मी तसाच वाकून, मान तिरकी करून, खांदा दांड्याला लावून उभा राहिलो.

"अरे मुरारी, बस की जरा!" कुशाबाकाका म्हणाले.

"नको काका. आईचा दांडा आहे. सोडवत नाही."

म्हाताऱ्या ठकूबाईनं पदर डोळ्यांना लावला. "बघा गो, बघा! महाडात राहतो, पण भक्ती बघा पोराची!" म्हणत ती पोळ्यांचं बघायला आपल्या घरी गेली. "अगो, त्याला तिथंच आणून द्या खायला!" काकांची सून म्हणाली.

आणून दिले! एकीनं ताटली धरली, दुसरीनं उसळ वाढली. मी वाकलेल्या अवस्थेत वडे हाणत होतो आणि बायाबापड्या मला नमस्कार करत होत्या. मैनेचा चेहरा बघण्यासारखा होता. ती काही बोलूही शकत नव्हती, कारण अट तिचीच होती.

मग काय विचारता! दुसरं घर ठकूबाईचं. "पोरा, पुरणपोळी खा. सकाळपासून पोटात काय नसंल तुझ्या."

"नाही ना, पहिलाच घास," मी म्हणालो. तोंडाला अजून उसळ लागलेली होती.

पुरणपोळ्या दुधात बुडवून झाल्या. सुंदराबाईकडे करंज्या झाल्या. तिथेही पहिलाच घास! पुढच्या घरी बुंदीचे लाडू, त्याच्या पुढे शेवयांची खीर. पांडूच्या घरी कांदाभजी आणि नारळाच्या वड्या होत्या. विरोधकाच्या घरचं खाऊ नये असं क्षणभर मनात आलं, पण भजी गरम होती. दर घराला कुणीतरी पुढे यायचं, "काका, मी घेतो खांदा, तुमी दमलात." मी ओरडायचो, "नको!" की लगेच मागून आवाज, "केवढी भक्ती!" आणि ताटलीत एक जास्तीचा!

हर्षद शेजारून कुजबुजला, "काका, बस करा. ओव्हर होतंय."

"बर्न होतंय ना?"

"एवढं बर्न करायला पालखी गोव्यापर्यंत न्यावी लागंल, काका!"

पण मी कुणाचं ऐकायच्या पलीकडे गेलो होतो. घाम गळत होता, ताटल्या येत होत्या, सिद्धांत सिद्ध होत होता. आयुष्यात इतका स्वतंत्र मी कधीच नव्हतो.

मग वरची पाखाडी लागली. राहीवहिनीच्या घराकडे जायला दगडी पायऱ्या आहेत, उभ्या. ऊन डोक्यावर आलेलं. अर्ध्या पायऱ्यांवर वडे हलले. त्यांच्यावर पुरणपोळ्या होत्या, त्याही हलल्या. मग सगळ्यांनी मिळून एकदम वर यायचं ठरवलं. मी दात आवळून चढत राहिलो. वर राहीवहिनीचं अंगण दिसलं. सारवलेलं, रांगोळी काढलेली. दारात ती उभी होती, हिरवं लुगडं नेसून, हातात ओटीचं ताट घेऊन. ह्या खेपेला खांबाआड नाही, दारात मधोमध!

आणि अंगणाच्या तोंडाशी, आत पाऊल टाकायला दोन हात उरले असताना, माझ्या पोटात अशी कळ आली की मी जागच्या जागी थिजलो. पाय उचलेना. बोलावं तर तोंड उघडायची भीती! मी थांबलो म्हणून हर्षद थांबला, हर्षद थांबला म्हणून पालखी थांबली. मागच्या दोघांनी रेटा दिला, मी हललो नाही. पुन्हा रेटा दिला. मी दांड्याला घट्ट धरून उभा.

आणि गर्दीतून कुणीतरी किंचाळलं, "पालखी जड झाली!"

पालखी जड होणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. देवी अडली! त्या दारात तिला जायचं नाही! खालूबाजा बंद पडला. सगळ्या वाडीनं राहीवहिनीकडे बघितलं.

"मी सांगत होतो!" पांडू पुढे आला. "मी सांगत होतो का नाय? आईला चालत नाय! बघा, सगळ्या घरांत गेली, हितंच अडली!"

इथे मी बोलायला हवं होतं. लगेच बोलायला हवं होतं! पण माझं तोंड उघडत नव्हतं, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते. देवीचा भार माझ्या खांद्यावर आलाय असं समजून ठकूबाईनं माझ्या कपाळाला हळद लावली. एक मुंबईकर माझे फोटो काढत होता. आणि समोर मैना उभी होती. खरं बोललो तर तिच्यादेखत, वाडीदेखत माझं काय राहणार? मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, कळ जाईल, पाय हलेल, आपोआप सगळं मिटेल.

कुशाबाकाकांनी गुरवाला खूण केली. गुरव पालखीपुढे आला, हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "आई, लेकरांचं काय चुकलं असंल तर सांग. राहीबाईनं ओटी भरलेली तुला मान्य नाय काय?"

सगळी वाडी पालखीकडे कान लावून उभी राहिली.

आणि मी ढेकर दिला.

साधासुधा नाही! वडे, उसळ, पुरणपोळी, लाडू, भजी, सगळ्यांनी मिळून दिलेला ढेकर. पाखाडीच्या खाली बांधलेलं कुत्रं भुंकलं.

"आईचा हुंकार!" गुरव जमिनीवर आडवा झाला. "आई बोलली! मान्य नाय म्हणाली!"

धडाधड सगळे आडवे झाले. हातात हात धरून पोरं रडायला लागली. पांडू तर विजयानं थरथरत होता. पालखीखालचे आम्ही सोडलो तर उभी राहिली ती फक्त राहीवहिनी. तिनं ताटाकडे बघितलं. ताटात नारळ होता, खण होता, तांदूळ होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आईला नको असंल तर नको. सुंदरा, घे गो ताट, तू भर." आणि ताट पुढे करून ती खांबाकडे वळली. मागच्या सगळ्या वर्षांत उभी राहायची तिकडेच.

मला लाज वाटली. अशी लाज मला कधी वाटली नव्हती. भरसभेत ठणकावून बोलणारा मी, आणि माझ्या पोटातल्या वाऱ्यानं तिला परत खांबाआड पाठवलं!

"थांबा!" मी ओरडलो. "वहिनी, थांबा! आई नाही अडली! मी अडलोय! माझं पोट अडलंय! तो हुंकार नव्हता, ढेकर होता!"

सगळे आडवे झालेले लोक माना वर करून बघायला लागले.

मला वाटलं आता मार पडणार. पण छे! कुशाबाकाका उठले, माझ्याजवळ आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी. "मुरारी, तुझं मन मोठं हाय रे. वहिनीसाठी सगळा दोष स्वतःवर घेतोस. पण बाबा, देवीपुढं खोटं बोलू नको."

"खोटं नाही हो काका! खाऊन खाऊन झालंय! तुमच्याकडे सहा वडे खाल्ले!"

"सहा?" काकांची सून मागून म्हणाली. "आठ खाल्लेत."

"बरं, आठ!"

"आणि माझ्याकडं चार पोळ्या!" ठकूबाई उठून बसली. "पर तू तर बोललास पहिलाच घास!"

"माझ्याकडं पण पहिलाच बोलला!" सुंदराबाई ताट सांभाळत म्हणाली. "करंज्यांचा अख्खा डबा खाल्लान!"

"आमच्या हितं पण पहिलाच!"

"आमच्या पण!"

बायका उठत गेल्या आणि माझा फराळ घराघरानं अंगणात जमा होत गेला. पांडूची बायको म्हणाली, "आणि भजी? भजी परत मागून घेतली की!" पांडूनं तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. "तू गप! हे कायबी असू दे, हुंकार आईचाच होता. माणूस असा आवाज काढंल काय?"

आणि मग मैना पुढे आली. सगळ्या वाडीसमोर, शांतपणे, रिपोर्ट वाचावा तशी म्हणाली, "हुंकार नव्हता. ह्यांचाच होता. लग्न झाल्यापासून मी रोज रात्री तोच ऐकतेय. हवं तर उद्या मुक्कामाला या आणि ऐका."

बायकोच्या साक्षीपुढे पांडूची कुठली चाल टिकणार? कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. मग आडवी झालेली सगळी वाडी पोट धरून हसायला लागली. ज्या मुंबईकरानं माझे भक्तीचे फोटो काढले होते, त्यानं आता व्हिडिओ सुरू केला. गुरव तेवढा कपाळाची धूळ झटकत माझ्याकडे रागानं बघत होता. त्याचं बरोबर होतं, तो माझ्या ढेकराला साष्टांग नमस्कार घालून उठला होता!

मैनेनं दांड्यामागे काय अट होती तीही सांगून टाकली. "केवढी भक्ती" म्हणणाऱ्या त्या सगळ्या बाया कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. जमिनीत गाडून घ्यावं असं वाटलं, पण तेवढं वाकतासुद्धा येत नव्हतं.

हसणं थांबल्यावर कुशाबाकाका म्हणाले, "मुरारी, दांडा सोड."

मी सोडला. काकांनी मुंडासं नीट केलं आणि म्हातारपणात स्वतः खांदा दिला. "वाजवा रे!"

खालूबाजा वाजला आणि पालखी हलली ती नाचत नाचत राहीवहिनीच्या अंगणात! एका दमात! तिथे दोन गिरक्या घेऊन मधल्या पाटावर टेकली. काका दम खात म्हणाले, "आली का नाय आई घरात? आता कुणाचं काय म्हणणं हाय?" कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. पांडू चपला शोधत होता.

सुंदराबाईनं ताट राहीवहिनीच्या हातात परत दिलं. "धर गो. तुझं हाय." राहीवहिनीनं ओटी भरली. थोडे तांदूळ बाहेर सांडले. ठकूबाईनंच वाकून ते वेचले आणि परत ओटीत घातले. मी अंगणाच्या कडेला दगडावर बसून बघत होतो. मला रडू आलं, आणि ते पोटात दुखत होतं म्हणून नव्हतं.

तिथेच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण राहीवहिनी आत गेली आणि पानं घेऊन आली. रस-घावणे! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरी खांदेकऱ्यांचा फराळ होता. पहाटेपासून दळण, नारळाचा रस, गूळ, वेलची, सगळं तिनं एकटीनं केलं होतं. पानं मांडली गेली. लोक बसले. कुशाबाकाका बसले. आणि पहिलं पान तिनं माझ्यापुढे ठेवलं.

"वहिनी, मला नको," मी हात जोडले. "खरंच नको. जागाच नाही."

राहीवहिनीचा हात तसाच राहिला. चपला सापडलेला पांडू पाखाडीवरून मागे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा! मीटिंगीत मोठा बोलत होता. सगळ्या गावाचं खाल्लान, तिच्या घरचं तेवढं खात नाय!"

आता काय करणार? मी आयुष्यभर हवं ते खायचं स्वातंत्र्य मागितलं होतं. नको म्हणायचं स्वातंत्र्यही लागतं, आणि ते मी कुशाबाकाकांच्या आठ वड्यांतच घालवून बसलो होतो. पानासमोर सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. राहीवहिनी बघत होती. मी मैनेकडे बघितलं. खांद्यावर दांडा नव्हता, म्हणजे अटीप्रमाणे तोंड बंद! मला वाटलं, ती तरी अडवेल. हिनं नको म्हटलं तर माझी सुटका!

मैना माझ्या शेजारी येऊन बसली. कानाशी लागून म्हणाली, "गपचूप खा. सगळं पान संपवा. घरी गेल्यावर बघते तुमच्याकडे."

मी घावणा मोडला, रसात बुडवला आणि डोळे मिटून तोंडात घातला. राहीवहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढच्या पानाकडे गेली. पांडू निघून गेला. बाकीचे जेवायला लागले.

घरी गेल्यावर मैनेनं जे बघितलं ते सांगत नाही. पोलादपूरला डॉक्टरांकडे काय झालं तेही सांगत नाही. एकच गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मान वर होत नाही. ते घावणे इतके मऊ झाले होते, इतके मऊ, की पान संपल्यावर मी आणखी एक मागून घेतला.